बार्शीची सुकेळी

"नकोत आम्हाला केळी," मी म्हटलं आणि दार लोटायला लागले.

दारातला माणूस हलला नाही. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला केळीचा भलामोठा घड, अंगावर चुरगळलेला सदरा, डोळे जागरणानं लाल. बार्शीत केळीवाले हातगाडीवरून येत, खांद्यावरून नाही, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"विकायला नाय आणली," तो म्हणाला. "भागीताई हाय का घरात?"

माझ्या आईला बार्शीत कुणी भागी म्हणत नसे. गल्लीला ती जयूची आई होती आणि अण्णांना नुसतीच 'अगं'. मी मागे वळून हाक मारायच्या आतच ती बाहेर आली. हाताला कणीक तशीच. दाराशी येऊन उभी राहिली आणि त्या माणसाकडे बघत राहिली.

"नरू," ती म्हणाली. "किती काळा झालास रे."

एकोणीस वर्षांनी भेटलेल्या भावाला कुणी असं म्हणतं का? पण ती तेवढंच म्हणाली, आणि मामानंही ते अगदी रीतसर स्वागत असल्यासारखं घेतलं. तो हसला, घड उंबऱ्याच्या आत ठेवला, गोणपाट सोडलं. आतली केळी आमच्या केळ्यांसारखी नव्हतीच. हातभर लांब, जाड, धारदार कडांची, पिवळ्यावर काळे डाग पडायला लागलेली. आई खाली बसली. कणकेचे हात मागे धरून तिनं नाक त्या घडापाशी नेलं, जसं तान्ह्या पोराच्या टाळूपाशी नेतात.

"राजेळी," ती म्हणाली. आणि मग रडली. भावाला बघून नाही, केळ्यांना बघून. मामाची जराशी निराशा झाली असावी.

आई वसईकडची. तिच्या वडिलांची, म्हणजे दादांची, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर केळीची वाडी. अण्णा बार्शीचे. एसटीत मेकॅनिक म्हणून तिकडच्या डेपोला होते, तिथं दोघांची गाठ पडली. जात वेगळी, मुलूख वेगळा, बोली वेगळी. दादांनी सांगितलं, जायचं तर जा, पण मग माझ्या वाडीची पायरी चढायची नाही. आई गेली. पायरी चढली नाही. तिची आई वारली ते तिला पोस्टकार्डानं कळलं, तेही दिवस होऊन गेल्यावर. तेव्हासुद्धा ती गेली नाही. "ज्यांनी नको म्हटलं त्यांनीच ये म्हणायला पाहिजे," एवढं एकच ती म्हणायची. बाप आणि लेक एकाच मातीचे होते, त्यामुळे ये कुणी म्हटलं नाही आणि कुणी गेलंही नाही.

आणि आता दारात राजेळीचा घड.

"दादांनी पाठवली?" आईनं विचारलं. पदरानं डोळे पुसत, अगदी सहज विचारल्यासारखं. पण तिचे कान नुसते टवकारले होते.

मामानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि संपवला. "दादांना ठाव नाय मी हितं आलोय ते."

आई उठली आणि हात धुवायला मोरीकडे गेली.

रात्री जेवताना मामानं खरं काय ते सांगितलं. दादांनी अंथरूण धरलं होतं. दुखणं असं एकच नाही, वय झालं. अन्नावरची वासना उडाली. सून जे करेल ते बाजूला सारायचे. गेल्या महिन्यात एकदम म्हणाले, सुकेळी द्या. मामीनं केली, तर एक घास चघळून बाहेर काढला. बाजारातून आणली, तीही तशीच. "ही आपली नव्हं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

"आपली म्हणजे आईच्या हातची," मामा म्हणाला. "आई तर नाय राहिली. आणि आईचा हात कुणाकडं आला, तर तुझ्याकडं. मी घड उचलला आन् निघालो."

"सुकेळी म्हणजे?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात म्हणजे काय असं विचारलं होतं.

सुकेळी म्हणजे पिकल्या राजेळीची सोलून उन्हात वाळवलेली केळी. साखर नाही, गूळ नाही, तूप नाही, काही नाही. केळ्याचा स्वतःचाच गोडवा उन्हानं आटत आटत मधासारखा होतो, केळं तांबूस होतं, चिवट होतं, आणि महिनोन्‌महिने टिकतं. आईच्या लहानपणी खाऊ म्हणजे तेवढाच. हे सगळं मला त्या रात्री जेवणाच्या ताटावर, दोघांनी एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलं. आईची बोली बदलली होती. बार्शीत राहून कमावलेलं तिचं 'की' आणि 'बगा' कुठल्या कुठे गेलं आणि 'नाय' नि 'गो' बाहेर आलं. अण्णा भाकरी मोडत ऐकत होते. त्यांच्याही कानावर ती बोली बऱ्याच वर्षांनी पडत असणार.

"ऊन कुठंय पण?" शेवटी अण्णाच म्हणाले. "आठवडा झाला, सूर्य दिसंना बार्शीत."

हे खरं होतं. बार्शीत जानेवारीत असं आभाळ कधी धरत नाही, त्या वर्षी नेमकं धरलं होतं. छपरावर घातलेल्या सांडग्यांना बुरशी आली होती. आणि मामाला फार तर चार दिवस राहता येणार होतं. दादांना सोडून त्याहून जास्त राहायची त्याची छाती नव्हती.

"माझा ओव्हन आहे," मी म्हटलं.

मी अठरा वर्षांची होते आणि तो ओव्हन माझी सगळी इस्टेट होती. अॅल्युमिनियमचा गोल डबा, झाकणाला बशीएवढी काच, आणि वायरीला फडकं गुंडाळलेलं, कारण अण्णांचा विजेवर विश्वास नव्हता. केकच्या क्लासची मी पहिली आलेली विद्यार्थिनी. गल्लीतल्या निम्म्या वाढदिवसांना केक माझा असे.

"ओव्हनात सुकेळी?" मामा म्हणाला. "दादा ऐकतील तर उठून बसतील."

"बसू देत की," अण्णा म्हणाले. "त्यासाठीच चाललंय न्हवं सगळं?"

मामा पहिल्यांदा अण्णांकडे बघून हसला. एकोणीस वर्षांत मेव्हण्यामेव्हण्यांचं झालेलं ते पहिलं संभाषण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेनं कामाला लागले. केळी सोलली, उभी चिरली, ताटलीत मांडली, वरून थोडी साखर भुरभुरली आणि ओव्हन पूर्ण तापवून झाकण लावलं. अर्ध्या तासात घरभर असा वास सुटला की शेजारच्या मालनवहिनी वाटी मागायच्या निमित्तानं डोकावून गेल्या. मी झाकण काढलं. केळी कडेनं करपलेली, वर चकाकणारी, आतून लोण्यासारखी मऊ. मी बशीत घालून आईपुढे धरली.

आईनं बोटानं एक तुकडा उचलला. जिभेवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"साखर घातलीस?"

"थोडीशीच. रंग येतो."

"सुकेळ्याला साखर," ती म्हणाली. मामाकडे वळली. "नरू, ऐकलंस? साखर!"

मामा तोवर तीन फोडी संपवून चौथीकडे गेला होता. "छान लागतंय पण," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

"छान लागतंय तर खा तू. हे भाजलेलं केळं झालं. सुकेळी नाय." तिनं पदर खोचला. "जयू, तुझा हा डबा मंद होतो का? अगदी मंद? पौषातल्या उन्हाएवढा?"

माझ्या डब्याला दोनच गोष्टी यायच्या, पेटणं आणि विझणं. पण आईनं तासभर त्याच्यासमोर बसून त्याला वळण लावलं. थोडा वेळ चालू, मग बंद. झाकणाखाली एका बाजूला लाकडी चमचा आडवा घातला, म्हणजे वाफ निघून जाईल. "वाफ कोंडली की शिजतं," ती म्हणाली. "आपल्याला शिजवायचं नाय, सुकवायचं." केळी अख्खीच ठेवायची, चिरायची नाहीत. एकमेकांना चिकटवायची नाहीत. मधून मधून कूस बदलायची, हातानंच, चिमट्यानं नाही. वीज जाई तेव्हा ती डब्यावर जाड चादर टाकून ऊब धरून ठेवायची. मी वैतागून म्हटलं, आजारी माणसासारखी काय सेवा चाललीय. तर म्हणाली, "मग? कुणासाठी चाललीय?"

संध्याकाळी मला वाटलं, झालं. केळी वरून कोरडी, तांबूस दिसत होती. मी डब्यात भरायला घेतली.

"अगो, आता तर खरं काम," आई म्हणाली.

मामानं घडाबरोबर केळीच्या खोडाची वाळलेली सोपटंही आणली होती, लांबलचक, कागदासारखी, आतून गुळगुळीत. आईनं ती पाणी शिंपडून नरम केली आणि गरम गरम केळी त्यात गुंडाळून, वर गोधडी घालून, धान्याच्या कोठीशेजारी ठेवून दिली. रात्रभर. मी विचारलं, सुकवायचं तर मग झाकायचं कशाला. "दिवसभर तापल्यावर रात्री पांघरूण लागतं," ती म्हणाली. "पांघरूण घातलं की आतला रस सावकाश बाहेर येतो. उघडी ठेवलीस तर वरून चामडं आणि आतून कच्ची. गोड व्हायला अंधार लागतो त्याला."

नरूमामाच्या बायकोची सुकेळी 'आपली' का नव्हती ते तेव्हा उघड झालं. तिनं ती दिवसरात्र मांडवावर उघडी ठेवली होती.

"मला कुणी सांगितलं नाय गो पांघरुणाचं," मामा अपराध्यासारखा म्हणाला.

"तू कधी आईजवळ बसलास?" आई म्हणाली. "तू पतंग उडवत होतास."

सकाळी गोधडी काढली तर सोपटाच्या आतल्या बाजूला मधाचे थेंब जमले होते. साखर न घालता! मी बोटानं चाटून पाहिलं. आज माझ्या घरी काचेच्या दाराचा, आकड्यांचा मोठा ओव्हन आहे, आणि मैत्रिणी मला विचारतात की साखरेशिवाय ही केळी इतकी गोड कशी होतात. मी त्यांना मंद आच सांगते, लाकडी चमचा सांगते, पांघरूण सांगते. त्या पहिल्या थेंबाची चव मात्र सांगता येत नाही.

असे ते तीन दिवस गेले. दिवसा ओव्हन, रात्री गोधडी. ओव्हनापाशी भाऊबहीण पाय पसरून बसायची आणि गावातल्या एकेका माणसाची चौकशी व्हायची. कोण गेलं, कोण आहे, कुणाची विहीर आटली. आई एकेक घर मनातल्या मनात फिरून येत होती. एकदा तिनं विचारलं, "तुझी लेक प्रमी? दिली का तिला?"

"दिली ना. पालघरला. गेल्या वैशाखात."

"मुनवा?"

"दिला. दादांनी स्वतः काढला. तेव्हा चालत होते."

आई केळ्यांची कूस बदलत राहिली.

मी नंतर मामाला एकटं गाठून विचारलं. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, रोप. आईच्या घरची जुनी पद्धत अशी, की लेकीची पाठवणी करताना बापानं वाडीतला राजेळीचा एक मुनवा स्वतःच्या हातानं उपटून तिच्या ओटीबरोबर द्यायचा. सासरी पोचल्यावर अंगणात नवऱ्यानं खड्डा काढायचा, नवरीनं पाणी घालायचं. तो लागला, की लेक सासरी लागली. आईच्या आत्यांना दिला, प्रमीला दिला.

"आणि आईला?"

"तुझी आई मागच्या दारानं गेली गो," मामा म्हणाला. "मुनवा पुढच्या दारानं देतात."

आमच्या अंगणात एक कडुलिंब होता, एक तुळस होती, आणि नळाजवळ एक रिकामा कोपरा. आई तिथं कधीच काही लावू द्यायची नाही. मी एकदा गुलाब आणला होता, तर तिनं तो कुंडीत लावायला लावला. तो कोपरा मोकळा का, हे मला अठरा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सुकेळी तयार झाली. तांबूस, मऊ, चिवट, हातात वाकणारी. आईनं एक मोडून आम्हाला दिली. अण्णा डोळे मिटून चावत राहिले. "तवा तुझ्या हातची खाल्ली हुती," ते म्हणाले. "डेपोच्या भिंतीवरनं पुडकं टाकायचीस." आई एवढी लाजली की मी आणि मामानं एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आता बांधायची. कोरड्या सोपटात चार-पाच सुकेळी, वरून सोपटाच्याच चिरलेल्या दोरीचे आठ-दहा वेढे, आणि शेवटी गाठ. आईनं पहिलं पुडकं घेतलं, तोच मामानं तिचा हात धरला.

"तू बांधू नको, ताई. मी बांधतो."

"का रे?"

मामा खाली बघत म्हणाला, "गाठ कळेल त्यांना."

आई डावरी आहे. भाकरी डाव्या हातानं थापते, विळी डाव्या हातानं चालवते, आणि तिच्या दोरीचा पीळ जगाच्या उलट जातो. लहानपणी दादांनी तिचा डावा हात बांधून ठेवून बघितला होता, सवय मोडावी म्हणून. मोडली नाही. वाडीत पुडकी बांधायला बसलेल्या दहा बायांत भागीचं पुडकं कुठलं, हे दादा लांबून ओळखायचे आणि हसायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण बोटं शाबूत होती.

"मी सांगणार, शेजारच्या काकूनं केली," मामा म्हणाला. "खाऊ दे त्यांना. तुझी हाय कळलं आणि हात मागं घेतला, तर काय करू मी? महिना झाला, पोटात धड काही नाय त्यांच्या."

मला मामाचा भयंकर राग आला. ज्या बाईनं तीन दिवस त्या डब्यासमोर बसून काढले, तिचंच नाव काढून टाकायचं? मी तोंड उघडलं. आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली. "त्यांच्या पोटात जाऊ दे. बांध तू."

आणि ती उठून परसात गेली. मामानं पुडकी बांधली. चांगली उजवी, सरळ, कुणाचीही असावीत अशी.

मामाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सकाळी मी पिशवी भरायला घेतली तर एक पुडकं जरा निराळं लागलं. बाहेरून सगळी सारखीच. पण त्या एकाचे वेढे उलटे होते. मी मान वर केली. आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"आई..."

"तळाशी ठेव," ती पाठमोरीच म्हणाली. "वरची खाऊन झाल्यावर हाताला लागेल. तोवर पोट तरी भरलेलं असेल."

मी ते तळाशी ठेवलं. मामाला सांगितलं नाही. त्यानं ओळखलं तर तो गाडीतच सोडून पुन्हा बांधेल, अशी मला भीती होती.

मामा निघाला. आई गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि त्या दिवसापासून तिचे कान फाटकाला लागले. पोस्टमन गेला की ती तासभर फाटकाशीच घुटमळायची. "दादा ये म्हणतील का?" असं तिनं मला एकदाच विचारलं. उत्तराची वाट न बघता लसूण सोलत राहिली. मी म्हटलं, म्हणतील. अठराव्या वर्षी माणूस काहीही खात्रीनं सांगतो. आईनं मात्र ट्रंकेतलं बरं लुगडं काढून उन्हात घातलं. उन्हं पुन्हा पडायला लागली होती. तिची जायची तयारी होती, एका शब्दाची खोटी.

शिमगा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. मी ओट्यावर बसून गहू निवडत होते. फाटक वाजलं. आई नळावर होती. तिनं आधी पाहिलं.

मामा होता. डोक्यावर केस नव्हते.

आईच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली. तिनं नळ बंद केला. कळशी उचलून कडेला ठेवली. पदरानं हात पुसले. इतक्या सावकाश सगळं केलं, की जणू त्यातलं काही चुकलं तर ते डोकं खरं ठरणार होतं.

"कधी?" तिनं विचारलं.

"तेरावं करून आलो," मामा म्हणाला. "तार केली असती, ताई. पण तू पोचली नसतीस. मग म्हटलं, मीच जाईन. कार्ड नाय टाकणार या वेळी."

आई उभीच होती. रडली नाही. "खाल्ली?" ती म्हणाली.

मामा ओट्यावर बसला. त्याच्या हातात ओल्या गोणपाटाचं गाठोडं होतं, ते त्यानं मांडीवरच धरून ठेवलं होतं.

"खाल्ली. रोज थोडी थोडी. चमच्यानं कुसकरून द्यायची बायको. शेजारच्या काकूनं केली म्हटलं, तर काय बोलले नाय. शेवटचं पुडकं मी सोडायला घेतलं, तर म्हणाले, दे हिकडं. स्वतः सोडणार. हातात घेतलं, दोरीवरनं बोटं फिरवली. उलटी, सुलटी, परत उलटी. लई वेळ. मला वाटलं, आता टाकतात. मी ताटली पुढं धरून बसलो होतो." मामानं नाक ओढलं. "सोडलं. सावकाश सोडलं, दोरी न तोडता. आणि सगळंच्या सगळं खाल्लं, कुणाला दिलं नाय. दोरी उशाखाली ठेवली."

"काही म्हणाले?"

"तेव्हा नाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मला वाडीत न्या. चौघांनी खाटेवर घालून नेलं. विहिरीजवळच्या राजेळीपाशी खाट टेकवायला लावली. कोयता मागितला. हातात बळ कुठलं? मीच कापला, त्यांनी नुसता मुठीला हात लावला. पण उपटला त्यांनीच. मुळाला हात घालून."

मामानं गाठोडं सोडलं. आत, ओल्या मातीच्या गोळ्यात, हातभर उंचीचा एक मुनवा होता. पानं मिटलेली, तलवारीसारखी सरळ.

"म्हणाले, भागीचं राहिलंय. हे आधी तिच्या अंगणात लागू दे, मग तिला घेऊन ये. लग्न झालेली पोर त्याआधी माहेरी कशी यायची?" मामानं मुळाभोवतीची माती दाबली. "मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरणार होतो, ताई. पहाटेच गेले."

मी आईकडे बघायचं धाडस करत नव्हते. एकोणीस वर्षं जो शब्द ऐकायला ती थांबली होती, तो आला होता. ये म्हणणारा मात्र नव्हता.

अण्णा डेपोतून आले तेव्हा मामा ओट्यावर, मी गव्हापाशी आणि आई अंगणात त्या मुनव्याजवळ बसलेली. त्यांनी मामाचं डोकं पाहिलं, रोप पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता सायकल भिंतीला लावली. पद्धत त्यांना ठाऊक होती. आईनं कधी तरी सांगितली असणार.

"कुठं काढू?" त्यांनी विचारलं.

आईनं नळाजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

अण्णांनी युनिफॉर्मच्या बाह्या वर केल्या आणि कुदळ घेतली. बार्शीची काळी माती, वरून भेगाळलेली. कुदळ खणखणत होती. पन्नाशीला टेकलेला माणूस धापा टाकत होता, पण मामा पुढे झाला तेव्हा त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. खड्डा खोल झाल्यावर ते बाजूला झाले. आई घरात गेली. मला वाटलं, पाणी आणायला. बाहेर आली ती ट्रंकेतलं ते लुगडं नेसून, कपाळाला नवं कुंकू लावून. हातात कळशी.

तिनं मुनवा खड्ड्यात उभा केला, अण्णांनी माती लोटली. मग तिनं पाणी घातलं. धार लावून, मुळापाशी, एक थेंब बाहेर न सांडता.

कळशी रिकामी झाली आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, लाज सोडून, अण्णांच्या खांद्याला धरून, जशी पाठवणीच्या वेळी पोरगी मांडवाबाहेर रडते. "दादा, येते हो," ती म्हणत होती. "येते हो, दादा." मालनवहिनी भिंतीवरून डोकावल्या आणि मी त्यांना हातानं जायला सांगितलं. मातीचे हात तिच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून अण्णांनी ते लांब धरले होते, आणि मग तसेच तिच्या पाठीवर ठेवले.

संध्याकाळी मामानं खिशातून एक वाळलेली दोरी काढून दिली. आईनं तीच मुनव्याला आधाराच्या काठीशी बांधायला वापरली, डाव्या हातानं.